अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोटारघराचा प्रवास : मार्गाची व मुक्कामांची आखणी

आपल्या पुष्कळ सभासदांची मुले आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, व त्यांच्याकडे दोन-चार महिन्यांकरिता जाऊन येणे ही आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी मुले आई-वडिलांना त्या देशाचा पश्चिम भाग दाखविण्याची हौस धरतात. नेव्हाडा, युटा व ॲरिझोना ही राज्ये म्हणजे लाल खडकांचे डोंगर, मैलोगणती पसरलेले ओसाड माळ आणि कोलोराडो नदीने कोरून काढलेल्या दऱ्या. गावे विरळ. शाकाहारी भोजन, त्यातही कंदमुळांवाचून आणि सूर्यास्तापूर्वी, वाटेत मिळण्याची आशा फारच थोडी. याकरिता मोटारघर भाड्याने घेऊन जाणे हाच आपल्या कुटुंबांस सोईचा मार्ग ठरतो. तेथे त्यास आर. व्ही. म्हणतात. एका लांब मोटारीतच निजण्याच्या जागा, शेगडी, फ्रीज, मोरी व संडास असतो. म्हणजे आपले स्वयंपाकघर आपल्याबरोबर चालते आणि पाणी आपल्या हाताने गाळून घेता येते. परंतु या सोईचा लाभ होणे न होणे सर्वस्वी आखणीवर अवलंबून आहे, आणि ती कशी करावी एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मुले सामान्यतः प्रथम पाहण्याच्या स्थळांची यादी करतात, मग ती स्थळे रस्त्याने जोडतात, आणि रात्र जेथे पडेल तेथे मुक्काम शोधतात. लहान मोटारीने हिंडणाऱ्या तरुणांस हे चालून जाते. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणारी वडीलधारी मंडळी मोटारघरात असतील, तर हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी मुक्काम, मग रस्ता, आणि त्यात जे बसेल ते दर्शन. आपल्या श्रावकाचारात दिग्व्रत सांगितले आहे. त्यात मनुष्य आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा दिशावार आधीच ठरवून घेतो. पुढे देशव्रतात तीच मर्यादा काही काळापुरती आणखी आखडतो. प्रवासाच्या आखणीस हीच दृष्टी लावावी. सकाळी निघण्यापूर्वी आजची हद्द ठरलेली असावी व कोणत्याही मोहाने ती ओलांडू नये.

ही हद्द किती असावी? पंचवीस-तीस फुटी मोटारघर रुंद रस्त्यावरही वाऱ्याने डोलते, चढावर मंदावते, आणि एकंदरीत तासास 45-50 मैलांहून अधिक सरासरी पडत नाही. तेथील जुन्या प्रवाशांत तिनांचा एक आडाखा रूढ आहे : दिवसास 300 मैलांहून अधिक चालवू नये, दुपारी 3 वाजेच्या आत मुक्काम गाठावा, आणि एका ठिकाणी 3 रात्री राहावे. यातील पहिला आकडा मला आपल्या मंडळींकरिता जड वाटतो. 150 ते 180 मैल, म्हणजे 240 ते 290 किलोमीटर, पुरे होत. परंतु तीन वाजण्याची अट मात्र सोन्याची आहे. गाडी सपाट उभी करून वीज-पाणी जोडण्यास पाऊण तास, स्वयंपाकास दीड तास, भोजनास अर्धा तास, आणि वाटेतील अडचणीकरिता थोडा वेळ हाती ठेवला की हिशेब पुरा होतो. ऑक्टोबरच्या मध्यास ग्रँड कॅन्यनला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तीनच्या जागी पाच वाजले, की नियमाच्या माणसास केवळ पाण्यावर निजावे लागते, आणि मधुमेह असलेल्या वृद्धास ते सोसवत नाही.

आता प्रत्यक्ष मार्गाचे एक उदाहरण घेऊ. नवख्या कुटुंबास लास वेगासहून निघून तेथेच परतणारे वर्तुळ सर्वांत सोईचे. लास वेगास ते झायन सुमारे 160 मैल. झायन ते ब्राइस कॅन्यन 85. ब्राइस ते पेज 150. पेज ते मॉन्युमेंट व्हॅली 125. तेथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ 180. आणि परत लास वेगास 280. शेवटचा पल्ला आपल्या हद्दीबाहेर जातो, म्हणून किंगमन येथे एक रात्र काढून त्याचे दोन भाग करावेत.

या वर्तुळात घड्याळाचा जो घोटाळा आहे, तो नीट समजून घेतल्यावाचून निघू नये. उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ही पद्धत चालते. ॲरिझोना राज्य मात्र ती पाळत नाही. पण ॲरिझोनाच्या ईशान्येस नवाहो या आदिवासी राष्ट्राचा विस्तीर्ण प्रदेश आहे, आणि तो ती पाळतो! परिणामी लास वेगासहून युटात शिरताच घड्याळ एक तास पुढे जाते. ब्राइसहून पेजला उतरताच एक तास मागे येते. मॉन्युमेंट व्हॅलीस पुन्हा पुढे, आणि ग्रँड कॅन्यनला पुन्हा मागे. जूनच्या अखेरीस ब्राइसला सूर्यास्त नऊच्या जरा आधी, तर ग्रँड कॅन्यनला पावणेआठच्या सुमारास होतो. सूर्य तोच, आकडे निराळे. आपल्या भोजनाचा नियम सूर्याशी बांधलेला असल्याने त्यास घड्याळाची बाधा नाही. परंतु मुक्कामाच्या जागेची कचेरी व सहलीची वेळ ही घड्याळाने चालतात. म्हणून प्रत्येक मुक्कामापुढे त्या गावचा सूर्यास्त त्या गावच्याच वेळेने लिहून ठेवावा. भ्रमणध्वनी सीमेवर कधी या बाजूची तर कधी त्या बाजूची वेळ दाखवितो. त्याच्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट गाडीच्या मापाची. झायनमध्ये 1930 साली पुरा झालेला, एक मैलाहून थोडा अधिक लांब असा बोगदा आहे. 11 फूट 4 इंचांहून उंच अथवा 7 फूट 10 इंचांहून रुंद गाडी त्यातून जाताना समोरची वाहतूक थांबवावी लागे, व त्याचे वेगळे शुल्क पडे. जून 2026 पासून अशा मोठ्या गाड्यांस हा रस्ताच बंद करण्याचे उद्यानाच्या व्यवस्थापकांनी जाहीर केले. भाड्याची बहुतेक मोटारघरे या मापाहून मोठी भरतात. तेव्हा झायनहून ब्राइसला जाण्यास मागे फिरून मोठ्या हमरस्त्याने वळसा घालावा लागतो, व 85 मैलांचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. साध्या नकाशावर दिसणारा जवळचा रस्ता आपल्या गाडीचा रस्ता असेलच असे नाही. मॉन्युमेंट व्हॅलीतील 17 मैलांचा कच्चा फेरा मोटारघरांस वर्ज्य आहे. तेथे नवाहो वाटाड्यांच्या गाडीतून जावे. भाड्याचा करारनामाही ओळ न् ओळ वाचावा. कित्येक कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेण्यास मनाई करतात, आणि ते योग्यच आहे. तेथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस उष्णतेची नोंद झाली आहे.

मुक्कामाच्या जागा तीन प्रकारच्या. पहिला प्रकार राष्ट्रीय उद्यानांतील मैदानांचा : जागा रम्य, भाडे माफक, पण वीज-पाण्याची जोडणी बहुधा नसते. ब्राइसच्या आतील दोन्ही मैदानांत ती नाही. दुसरा प्रकार खाजगी मैदानांचा : भाडे अधिक, पण वीज, पाणी व मैलापाणी सोडण्याची सोय जागेवरच. तिसरा प्रकार म्हणजे ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची मोकळी जमीन. तिच्यावर पुष्कळ ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येते. मात्र पाणी, दिवा, शेजार काहीच नाही. काही मोठ्या दुकानांच्या आवारातही परवानगीने रात्र काढू देतात. फुकट म्हणून या शेवटच्या दोहोंकडे मन ओढले जाणे व्यापाऱ्यास स्वाभाविक आहे! तथापि वृद्ध मंडळी बरोबर असता मी ते पत्करणार नाही. माझ्या मते एक रात्र उद्यानात व पुढची जोडणीच्या मैदानात असा फेर ठेवावा. पेजजवळ वाहवीप येथे सरोवराकाठी आणि ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेज येथे जोडणी मिळते. या दोन ठिकाणी टाक्या भरून व रिकाम्या करून घ्याव्यात.

टाकीचा हिशेब धान्याच्या पेढीवरील माणसास लवकर समजेल. चाळीस गॅलन पाणी म्हणजे सुमारे दीडशे लिटर, अर्थात दीड क्विंटल वजन. ते चढावर वाहून नेण्यास इंधन लागते, आणि मोटारघर एका लिटरात साडेतीन-चार किलोमीटरच जाते. सबब लांब चढ असलेल्या दिवशी पाणी बेताचे भरावे, पण इंधनाची टाकी निम्म्याखाली कधी उतरू देऊ नये. या भागात शंभर मैल पंप न लागणारे रस्ते आहेत; युटात ग्रीन रिव्हर ते सलायना हा हमरस्ता त्याकरिता प्रसिद्धच आहे. उंचीचाही विचार व्हावा. लास वेगास दोन हजार फुटांवर, तर ब्राइसचा काठ आठ हजार फुटांहून वर. दमेकऱ्यास व हृदयविकाराच्या माणसास तेथे पहिल्या दिवशी फार चालवू नये.

काळ कोणता निवडावा? जुलै ते सप्टेंबर दुपारच्या वादळांनी कोरड्या नाल्यांना अचानक पूर येतात. हिवाळ्यात ब्राइसला बर्फ. पर्युषण आटोपल्यावर व दिवाळीपूर्वी, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य, हा काळ सर्वोत्तम. झायनचे वॉचमन व ग्रँड कॅन्यनचे मॅथर या मैदानांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते व लौकर संपते, म्हणून महावीर जयंतीच्या सुमारास मुलांना त्याची आठवण द्यावी.

खर्चात एक नवी बाब धरावी. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत वास्तव्य नसलेल्या, सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक माणसास अकरा मोठ्या उद्यानांत 100 डॉलर जादा शुल्क लागू झाले. झायन, ब्राइस व ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्यांत येतात. त्याऐवजी परदेशीयांचा वार्षिक पास 250 डॉलरांना ठेविला आहे.

शिध्याविषयी थोडके. घरून तांदूळ नेऊ नये. खाप्रा भुंगेऱ्याच्या भयाने आपल्याकडचा तांदूळ प्रवाशाच्या सामानातून तेथे नेण्यास बंदी आहे. हा किडा गोदामाचे काय करतो हे आपणांस ठाऊकच आहे, तेव्हा त्या बंदीस नावे ठेवण्याचे कारण नाही. डाळ, तांदूळ, पीठ लास वेगासच्या भारतीय दुकानांतून घ्यावे. त्या शहरात हिंदू व जैन मंदिरही आहे. निघण्यापूर्वी दर्शन घडते. गाडी चालू असताना शेगडी पेटवू नये, आणि पंपावर गॅसची कळ बंद ठेवावी.

गाडी परत देण्याची वेळ बहुधा सकाळची असते व टाक्या रिकाम्या करूनच ती द्यावी लागते. किंगमनच्या मुक्कामी जोडणीची जागा घेतली, की हे काम आदल्या संध्याकाळी भोजनानंतर उरकते, आणि सकाळी लास वेगासपर्यंतचे शंभर मैल तेवढे राहतात.