चाकावरची पांढरी भुकटी

मोटारसायकल आता गावाला नवी राहिली नाही. डेअरीला दूध घालायचे, बाजार करायचा, पोराला शाळेत सोडायचे, सारे तिच्यावरच. पूर्वी बहुतेक गाड्यांना तारांची चाके असत. आता पुष्कळ गाड्यांना एकसंध ओतीव चाके येतात. त्यांना कोणी अलॉय म्हणतो, कोणी मॅगव्हील म्हणतो.

"हे चाक लोखंडाचं नाही, मग ते गंजायचं कसं?" असे पुष्कळजण विचारतात. या पाठात आम्ही त्याचेच उत्तर देणार आहोत.

अलॉय म्हणजे मिश्रधातू. तांबे आणि जस्त एकत्र वितळवले की पितळ होते. पितळ हाही मिश्रधातूच. आपल्या चाकात मुख्य धातू अ‍ॅल्युमिनियम असतो. त्यात थोडे सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम घालतात. आपल्या घरातले जर्मनचे पातेले असते ना? तेही अ‍ॅल्युमिनियमचेच. म्हणजे चाक आणि पातेले हे भाऊभाऊच झाले. अ‍ॅल्युमिनियम हलके असते. तेवढ्याच आकाराचे लोखंड त्याच्या जवळजवळ तिप्पट भरते.

आता गंजाचे पाहू. लोखंडाला तांबडा गंज चढतो. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. हवा लागताच त्याच्यावर एक पातळ थर धरतो, जशी दुधावर साय. हा थर केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण घट्ट असतो. आतल्या धातूला तो जपतो. ओरखडा पडला तर नवा थर लगेच धरतो. चाकावर याशिवाय रंग असतो आणि पुष्कळदा रंगावर चकाकीचा पारदर्शक हातही असतो.

मग चाक खराब का होते? त्या थराचे तीन वैरी आहेत म्हणून.

पहिला वैरी मीठ. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी, मुरूड या बाजूला समुद्राची खारी हवा असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मागे मासळीची पाटी बांधली, तर तिचे खारे पाणी थेट चाकावर गळते. मीठ ओल धरून ठेवते आणि त्या पातळ थराला बारीक भोके पाडते. घाटावरच्या लोकांनीही निर्धास्त राहू नये. पोटॅश खत हेही एक प्रकारचे मीठच आहे. गाडीवरून खताची पोती नेली, गाडी गोठ्यात उभी केली, की चाकावर क्षार बसतातच.

दुसरा वैरी आंबट. जर्मनच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी रात्रभर ठेवू नये, हे घरच्या बायकांना पक्के ठाऊक असते. आंबटाने भांडे खाल्ले जाते. चाक झटपट उजळावे म्हणून काहीजण त्यावर अ‍ॅसिड मारतात. तासाभरात चाक चमकते खरे, पण रंगाचे आणि धातूचे नुकसान होते.

तिसरा वैरी सोडा. कपड्याच्या सोड्याने घासलेले जर्मनचे पातेले काळे पडते. चाकाचेही तसेच होते.

शिवाय लोखंडी नटबोल्ट आणि आस चाकाला लागून असतात. दोन निराळे धातू चिकटलेले आणि मध्ये खारी ओल, म्हणजे टॉर्चच्या सेलासारखा प्रकार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम आधी झिजते.

गंजाची सुरुवात लहान असते. खडा लागून रंग उडतो. तिथून ओल आत शिरते. आत पांढरी भुकटी तयार होते. भुकटीला धातूपेक्षा जागा जास्त लागते. म्हणून ती वरचा रंग उचलते. रंग उचलला की आणखी ओल आत जाते. कधी रंगाखाली किड्याने वाट कोरावी तशा बारीक रेघा दिसतात.

कोणी म्हणेल, "रूप गेलं तर गेलं, गाडी चालते ना!" पण मंडळी, प्रश्न रूपाचा नाही. ट्यूबलेस टायरमधली हवा टायरच्या कडेने आणि रिमच्या कडेने अडवलेली असते. तिथे भुकटी धरली की हवा हळूहळू निघते. रात्री हवा भरावी आणि सकाळी चाक बसलेले असावे! पंक्चर तर सापडत नाही. अशा वेळी कडेला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून रिमची कड साफ करून घ्या. कमी हवेचा टायर वळणावर दगा देतो. मागे बायको आणि पुढे लेकरू बसलेले असेल, तर तो दगा केवढ्याला पडेल?

चाकाला चीर दिसली तर ते चाक वापरूच नये. ठोकून सरळ केलेले किंवा तापवून जोडलेले चाक वरून धड दिसते, पण त्याची ताकद गेलेली असते. पैसे लागले तरी चाक बदलावे.

आता जपायचे कसे ते सांगतो.

चाक गार झाल्यावर धुवावे. आधी नुसते गोडे पाणी ओतून माती सोडवावी. खाऱ्या विहिरीचे पाणी नको. मग सौम्य साबण आणि मऊ फडके घ्यावे. तारेची घासणी आणि पॉलिश पेपर लावू नये. शेवटी भरपूर पाणी ओतून चाक कोरडे पुसावे. समुद्रकाठच्या माणसाने हे आठवड्यातून एकदा तरी करावे. रंग उडालेला दिसला तर जागा साफ करून, वाळवून, लवकर रंगाचा हात द्यावा. चाकाला डिझेल चोपडू नये. टायरचे रबर त्याने खराब होते. ब्रेकच्या तबकडीला तर तेलाचा थेंबही लागू देऊ नये. ब्रेक लागला नाही तर जिवाशी गाठ!

एक बादली पाणी आणि एक जुने फडके, एवढाच याला खर्च.

सांगा पाहू:
१. लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियमचा गंज यांत फरक कोणता?
२. आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात का ठेवू नये?
३. पंक्चर नसताना हवा जात असेल तर काय कराल?
४. आज आपल्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची चाके नीट पाहा. काय दिसले ते चार ओळींत लिहा.