आयफेल मनोऱ्याभोवती

पॅरिसला गेलेला प्रवासी आयफेल मनोरा पाहतो म्हणजे बहुधा काय करतो? पायथ्याशी रांगेत उभा राहतो, लिफ्टने वर जातो, शहरावर दृष्टी टाकतो आणि खाली उतरून दुसरीकडे वळतो. मनोरा पाहून होतो. मनोऱ्याची भूमी पाहावयाची राहून जाते. सेन नदीच्या उजव्या तीरावरील त्रोकादेरोच्या उंचवट्यापासून डाव्या तीरावरील एकोल मिलितेर या लष्करी विद्यालयापर्यंतचे अंतर सुमारे दीड किलोमीटर आहे. ही सरळ वाट पायी चालावी. मनोरा तिच्या मध्यावर कोठेतरी लागतो.

आरंभ त्रोकादेरोपासून करणे सोयीचे. येथील शायो प्रासाद 1937 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला गेला. त्याच्या दोन अर्धवर्तुळाकार बाजूंमधील मोकळ्या गच्चीवरून मनोरा समोर संपूर्ण दिसतो. छायाचित्र घेण्यासाठी येथे नेहमीच गर्दी असते. परंतु या वास्तूचे महत्त्व त्याहून मोठे आहे. 10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा येथेच संमत केला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकणारे शब्द होते. त्यांऐवजी ‘सर्व मानव’ असे निःसंदिग्ध शब्द यावेत, असा आग्रह धरणाऱ्यांत भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता प्रमुख होत्या.

उद्यानातून उतरल्यावर येना पूल लागतो. नेपोलियनने 1806 मध्ये येना येथे प्रशियाचा पराभव केला, त्या विजयाचे हे स्मारक. 1815 मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर हा पूल सुरुंगाने उडवून देण्यास निघाला होता. पूल मात्र वाचला.

पुलापलीकडे प्रत्यक्ष मनोरा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या 1889 च्या प्रदर्शनासाठी तो उभारला गेला. सुमारे 18,000 लोखंडी भाग आणि 25 लाख रिव्हेट यांची ही जोडणी दोन वर्षे व दोन महिने चालली. काम सुरू झाले तेव्हाच, 1887 मध्ये, नामवंत लेखक व कलावंतांनी त्याचा जाहीर निषेध केला होता. करारानुसार त्याचे आयुष्यही वीसच वर्षांचे होते. तो उपयुक्त ठरला तरच टिकेल, हे गुस्ताव्ह आयफेल जाणून होते. त्यांनी तेथे हवामानाच्या नोंदी घेतल्या, वाऱ्याच्या रोधाचे प्रयोग केले आणि लष्कराला बिनतारी संदेशवहनासाठी मनोरा वापरू दिला. एवढी उंच जागा संदेशवहनाला दुसरी नव्हती. त्यामुळे 1910 पासून कराराला 70 वर्षांची मुदतवाढ मिळाली. सौंदर्याचा वाद मिटला नव्हता. मनोरा वाचला तो कामाला आला म्हणून.

मनोऱ्याच्या कमानीखालून पुढे गेल्यावर शाँ द मार्सची हिरवळ पसरलेली दिसते. आज येथे मुले खेळतात आणि कुटुंबे शिदोरी घेऊन बसतात. एके काळी हे कवायतीचे मैदान होते. 27 ऑगस्ट 1783 रोजी जाक शार्ल या शास्त्रज्ञाचा हायड्रोजनने भरलेला फुगा येथून आकाशात गेला. 14 जुलै 1790 रोजी येथेच राजा आणि प्रजा यांनी एकत्र येऊन राष्ट्रनिष्ठेची शपथ घेतली. आणि एकाच वर्षाने, 17 जुलै 1791 रोजी, राजाला पदच्युत करावे या अर्जावर सह्या करण्यासाठी जमलेल्या नागरिकांवर राष्ट्रीय रक्षकदलाने याच मैदानावर गोळ्या झाडल्या. लष्करी कायदा पुकारणारे नगराध्यक्ष बायी हे स्वतः खगोलशास्त्रज्ञ होते. 1793 मध्ये या मैदानालगतच त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. या घटनांची आठवण हिरवळीवर सहजासहजी होत नाही.

वाट एकोल मिलितेरपाशी संपते. पुढे ज्याच्या आज्ञेने येना पूल झाला तो नेपोलियन 1784-85 मध्ये येथे विद्यार्थी होता. येथे थांबून मागे वळून पाहावे. जवळ ते मैदान, जेथे हक्क मागणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. दूर तो उंचवटा, जेथे 157 वर्षांनी मानवाचे हक्क जगापुढे मांडले गेले. आणि दोहोंच्या मध्ये वीस वर्षांसाठी उभारलेला, पण अजूनही उभा असलेला मनोरा. शिखरावरून शहराचा विस्तार कळतो. हा इतिहास मात्र खाली उतरून चालणाऱ्यालाच भेटतो.