वनातील ओहोळ आणि मातीची धूप

ठाणे शहराच्या माथ्यावर येऊरचे डोंगर, तर कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड उभा आहे. या भागात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वन विरळ झाले की हे पाणी जमिनीत न मुरता ओहोळांतून धावते, तळ खरवडते आणि काठ ढासळविते. वाहून आलेला गाळ अखेर खाडीत किंवा धरणात साचतो. बारवी धरणाच्या पाण्यावर विसंबलेल्या कल्याण-डोंबिवली परिसरास हा प्रश्न दूरचा नाही.

प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून वेग मोडणे हाच खरा उपाय होय. उगमापासून खाली अनगड दगडांचे छोटे बांध घालीत यावे. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याशी समपातळीत असावा. बांधाचा मध्यभाग सखल ठेवावा. अन्यथा पाणी कडेने वाट काढून काठच कापते. काठावर बांबू वा वाळा लावल्यास मुळे माती धरून ठेवतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे संशोधनास मोठा वाव आहे. वन विभागाच्या परवानगीने सारख्या उताराचे दोन ओहोळ निवडावे. पहिल्या पावसाळ्याच्या आधी व नंतर, ठरावीक खुंट्यांपासून, दोहोंची मापे घ्यावी. मग एकातच बांध घालून पुढील दोन-तीन पावसाळे मापे चालू ठेवावी. अशा नोंदींवरूनच कोणता बांध टिकतो हे कळेल आणि शासनाचा पैसा व लोकांचे श्रम योग्य जागी खर्ची पडतील.