मॅक्डॉवेल काउंटी : कोळशाच्या डोंगरांतील लोकजीवन

अमेरिका म्हटली की गगनचुंबी इमारती, रुंद रस्ते आणि मोटारींची अखंड रांग असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. भूगोलाच्या पुस्तकांत त्या देशाविषयी जे वाचावयास मिळते, तेही बहुधा गहू, मका, पोलाद आणि यंत्रे यांच्या उत्पादनाचे आकडे असतात. तेथील डोंगराळ खेड्यांत माणसे कशी राहतात, पिण्याचे पाणी कोठून आणतात, मुले कोणत्या शाळेत जातात, अडीअडचणीस एकमेकांच्या उपयोगी कशी पडतात, याची माहिती मात्र क्वचितच मिळते. ही उणीव थोडीशी भरून काढावी, या हेतूने आम्ही येथे एकाच लहान प्रदेशाचा परिचय करून देत आहोत. तो प्रदेश म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅक्डॉवेल काउंटी.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे विभाग 'काउंटी' या नावाने ओळखले जातात. आपल्या तालुक्याशी किंवा लहानशा जिल्ह्याशी त्यांची तुलना करता येईल. वेस्ट व्हर्जिनियात अशा ५५ काउंट्या आहेत. काउंटीचा कारभार लोकांनी निवडून दिलेले आयुक्त पाहतात. कायदा व सुव्यवस्था राखणारा शेरीफ हा अधिकारीही मतदारच निवडतात. शाळांसाठी निराळे शिक्षणमंडळ असते व त्याचे सभासदही निवडणुकीनेच येतात. १९३३ सालापासून या राज्यात काउंटी हाच शाळांच्या कारभाराचा घटक ठरला आहे. त्यामुळे काउंटीची मिळकत घटली की तिची झळ पहिल्याप्रथम शाळेला लागते. पुढील हकीकत समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

मॅक्डॉवेल काउंटीची स्थापना १८५८ साली झाली. त्या वेळी हा मुलूख व्हर्जिनिया राज्यात होता; यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले. काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एकतृतीयांशाहून थोडे अधिक भरते. मुख्य ठाणे वेल्च हे गाव होय. सारा प्रदेश अॅपलेशियन पर्वताच्या कुशीत वसलेला आहे. उंच, दाट झाडीचे डोंगर आणि त्यांमधून वाहणारे अरुंद ओहोळ, आमच्या कोंकणीत सांगावयाचे तर 'व्हाळ', हेच येथील भूमीचे स्वरूप. दोन डोंगरांमधल्या अशा चिंचोळ्या दरीस तेथील लोक 'हॉलो' म्हणतात. सपाट जमीन इतकी थोडी, की रस्ता, लोहमार्ग, ओहोळ आणि घरांची ओळ ही चारही एकमेकांस खेटून चाललेली असतात.

कोळसा आला आणि माणसे आली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे थोडीफार शेती, शिकार आणि लाकूडतोड यांवर गुजराण करणारी कुटुंबे विखुरलेली होती. डोंगरांच्या पोटात मात्र उत्कृष्ट प्रतीचा, अत्यंत कमी धूर करणारा कोळसा होता. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचे रूळ या दऱ्यांत आले आणि पाहता पाहता खाणींची गावे उभी राहिली. या कोळशावर आगबोटी चालल्या आणि पोलादाच्या भट्ट्या पेटल्या. दक्षिणेकडील राज्यांतून निग्रो मजूर आले, तसेच समुद्र ओलांडून इटली, हंगेरी, पोलंड येथील कुटुंबे आली. एकाच हॉलोत पाचसहा भाषा ऐकू येऊ लागल्या.

ही गावे खाणकंपन्यांच्या मालकीची असत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, वैद्य कंपनीने नेमलेला आणि पुष्कळदा देऊळही, म्हणजे चर्चही, कंपनीनेच बांधलेले. मजुरीचा काही भाग 'स्क्रिप' नावाच्या खास नाण्यांत मिळे आणि ही नाणी कंपनीच्याच दुकानात चालत. मजुराने संप केला तर त्याच्या कुटुंबास घराबाहेर काढले जाई. संघटना करण्याचा हक्क मिळविण्यासाठी या भागात मोठे झगडे झाले. कामगारांची बाजू घेणारा मेटवान गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड याचा १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्च येथील न्यायालयाच्या पायऱ्यांवर भरदिवसा गोळ्या घालून खून झाला. खाणीतले काम तर नित्य जिवावरचे. १० जानेवारी १९४० रोजी बार्टली येथील खाणीत झालेल्या स्फोटात ९१ माणसे दगावली. जे अपघातातून वाचत, त्यांतील कित्येकांची फुप्फुसे कोळशाच्या धुळीने निकामी होत.

असे असूनही या गावांत एक भरगच्च सामाजिक जीवन नांदत होते. गोऱ्यांच्या व निग्रोंच्या शाळा कायद्याने वेगळ्या होत्या, हे खरे. तथापि खाणीच्या अंधारात सर्वांचे चेहरे सारखेच काळे होत. निग्रो समाजाने येथे आपले राजकीय वजनही निर्माण केले. पहिल्या महायुद्धात लढलेल्या निग्रो सैनिकांचे स्मारक म्हणून किंबॉल गावी १९२८ साली उभारलेली इमारत, अशा प्रकारची देशातील पहिली मानली जाते. त्याच वर्षी कीस्टोन गावच्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची आपल्या दिवंगत पतीच्या जागी राज्याच्या विधिमंडळावर नेमणूक झाली. अमेरिकेतील कोणत्याही विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या निग्रो महिला होत.

उतार

१९५० सालच्या खानेसुमारीत या काउंटीची लोकसंख्या ९८,८८७ होती. तोच तिचा कळस ठरला. पुढील आकडे पाहावेत : १९६० साली ७१,३५९, १९७० साली ५०,६६६, १९९० साली ३५,२३३, २०१० साली २२,११३, आणि २०२० साली १९,१११. सत्तर वर्षांत पाचांपैकी चार माणसे उणी झाली. कोणतीही साथ आली नव्हती, की शत्रूची स्वारी झाली नव्हती. मग हे घडले कसे?

याची कारणे तीन सांगता येतील. पहिले कारण यंत्र. कोळसा कापून भरणारी नवी यंत्रे खाणीत उतरली आणि अनेकांचे काम थोडी माणसे करू लागली. दुसरे कारण गिऱ्हाईक. आगगाड्या डिझेलवर धावू लागल्या, घरे तेलाने व वायूने तापू लागली, पुढे पोलादाचा धंदाही मंदावला. १९८० नंतरच्या दशकात गॅरी गावच्या पोलाद कंपनीच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा तेथील घराघरांत एकाच वेळी बेकारी आली. तिसरे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. येथील बरीचशी जमीन आणि तिच्या पोटातील कोळसा बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीचा होता. कोळसा आगगाडीत बसून गेला, त्याबरोबर नफाही गेला. मागे दुसरा उद्योग उभा राहील इतके भांडवल डोंगरात उरले नाही.

१९६० सालच्या निवडणूक-प्रचारात जॉन केनेडी या प्रदेशात हिंडले आणि समृद्ध देशातील ही उपासमार पाहून ते अस्वस्थ झाले. अध्यक्ष झाल्यावर गरिबांना अधिक अन्न मिळावे असा आदेश त्यांनी अगदी आरंभीच काढला. २९ मे १९६१ रोजी याच काउंटीतील एका बेकार खाणकामगाराच्या पंधरा माणसांच्या कुटुंबाने अन्नासाठीची पहिली तिकिटे घेतली. त्यांची किंमत ९५ डॉलर होती. आज देशभरातील सुमारे चार कोटी लोकांना आधार देणाऱ्या योजनेचे हे मूळ होय.

आजचे राहणीमान

आज या काउंटीतील सुमारे एकतृतीयांश लोक त्या देशाच्या दारिद्र्यरेषेखाली राहतात. आमच्या विद्यार्थ्यांना कदाचित नवल वाटेल, परंतु येथे पिण्याच्या पाण्याची चणचण आहे. पाऊस भरपूर पडतो, ओहोळही वाहतात. पण खाणकंपन्यांनी आपल्या गावांसाठी घातलेले नळ आता फार जुने झाले असून त्यांची निगा राखणारी कंपनीच राहिलेली नाही. पाणी उकळून प्या, अशा सूचना वरचेवर निघतात. पुष्कळ कुटुंबे रस्त्याकडेच्या झऱ्यांवरून डबे भरून आणतात. वस्ती विरळ आणि डोंगर आडवे, म्हणून नवे नळ घालण्याचा खर्च दर घरामागे अतोनात येतो. घरे ओहोळाकाठीच असल्यामुळे पुराचे भय कायम असते. २००१, २००२ आणि अलीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या पुरांनी मोठी हानी केली.

किंबॉल येथे २००५ साली वॉलमार्टचे मोठे दुकान निघाले. ताजी भाजी, औषधे आणि नोकऱ्या एकाच छपराखाली मिळू लागल्या. जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले आणि अनेकांना किराण्यासाठी डोंगर ओलांडून दूर जावे लागले. खाणीत दुखावलेल्या शरीरांसाठी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन या भागात पसरले आणि त्यात कित्येक तरुण बळी पडले. परिणामी आजीआजोबांनी नातवंडे वाढविणे ही येथे सर्वसामान्य गोष्ट झाली आहे. २०१० सालच्या सुमारास येथील पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षे होते. शेजारच्याच व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स या संपन्न काउंटीत ते सुमारे ८२ वर्षे होते. एकाच देशात, शेजारशेजारच्या दोन राज्यांत, अठरा वर्षांचे हे अंतर आहे.

शाळा आणि शेजारधर्म

एवढे वाचून या लोकांविषयी केवळ कीव वाटावी, असा आमचा उद्देश नाही. जे मागे राहिले आहेत त्यांचे लोकजीवन शिकण्याजोगे आहे. आग विझविणारी पथके बव्हंशी गावकऱ्यांचीच, बिनपगारी. पूर ओसरला की चर्चच्या स्वयंपाकघरांत सर्वांसाठी चुली पेटतात. परसात पिकविलेल्या शेंगा बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवण्याची आणि वसंतात रानातील उग्र वासाचे कांदे खणून आणण्याची चाल अद्याप चालू आहे. शाळेचा फुटबॉलचा सामना हा तर सबंध गावाचा उत्सव असतो.

या काउंटीतील कोलवुड गावच्या काही मुलांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह पाहून त्यांनी स्वतः अग्निबाण बनविण्याचा ध्यास घेतला. वॉर गावच्या बिग क्रीक हायस्कूलमधील फ्रीडा रायली या तरुण शिक्षिकेने त्यांना पुस्तके मिळवून दिली आणि धीर दिला. खाणीच्या कर्मशाळेतील कारागिरांनी त्यांना लोखंडी भाग घडवून दिले. १९६० सालच्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात या प्रयोगास पारितोषिक मिळाले. त्या मुलांपैकी होमर हिकम पुढे अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत अभियंता झाले आणि ही कथा त्यांनी १९९८ साली पुस्तकरूपाने सांगितली. फ्रीडा रायली मात्र दुखण्याने १९६९ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तल्या. पटसंख्या घटत गेल्याने बिग क्रीक हायस्कूलही २०१० साली बंद झाले.

शाळांची स्थिती इतकी ढासळली होती, की २००१ पासून २०१३ पर्यंत त्यांचा कारभार राज्य सरकारला आपल्या हाती घ्यावा लागला. शिक्षक येत, परंतु राहण्यास बरे घर मिळत नसल्यामुळे टिकत नसत. म्हणून शिक्षकांच्या संघटनेने इतर संस्थांच्या साहाय्याने वेल्च येथे शिक्षकांसाठी निवासाची इमारत उभारली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सबंध राज्यातील शिक्षकांनी वेतनवाढीसाठी संप केला आणि पंचावन्नही काउंट्यांतील शाळा बंद राहिल्या. पुष्कळ मुलांचे पोट शाळेतील जेवणावर अवलंबून असते, हे शिक्षकांस ठाऊक होते. म्हणून संपाच्या दिवसांत त्यांनी शिध्याच्या पिशव्या भरून त्या मुलांपर्यंत पोहोचविल्या. हक्कासाठी भांडतानाही कर्तव्याचा विसर पडू नये, याचा याहून चांगला दाखला आम्हांस आठवत नाही.

आपणांस काय घेता येईल?

गोव्यातील आमच्या वाचकांना ही हकीकत सर्वस्वी परकी वाटणार नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली येथील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले आणि खानावळी चालविणाऱ्या बायका यांच्या घरांत काय अवस्था झाली, हे पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. खनिज हे भाताच्या पिकासारखे नव्हे. ते एकदा काढले की पुन्हा उगवत नाही. त्यातून मिळालेला पैसा शाळा, पाणी, आरोग्य आणि नवे उद्योग यांत रुजविला, तरच पुढच्या पिढीच्या हाती काही राहते.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक लहानसे काम करावे. आपल्या गावातील वीस घरांत विचारून, प्रत्येक घराची मिळकत कोणत्या उद्योगातून येते याची यादी तयार करावी. त्यांतील किती घरे एकाच धंद्यावर उभी आहेत, तो धंदा थांबल्यास ती काय करतील, आणि गावची विहीर, शाळा व वाचनालय कोणाच्या पैशाने चालतात, हेही लिहून काढावे. मॅक्डॉवेल काउंटीत भरभराटीच्या दिवसांत हे प्रश्न फारसे कोणी विचारले नाहीत. आपल्या गावात ते वेळेवर विचारले जावेत, एवढीच आमची इच्छा आहे.