फुकटचा आडत्या कोणाचे खातो?
व्ही.पी.एन. फोनमध्ये टाकण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी विचारात घेण्यासारख्या काही गोष्टी

९ ऑगस्ट २०१८ चा मराठा आंदोलनाचा बंद आपल्या भागातील दुकानदारांच्या लक्षात असेल. खबरदारी म्हणून त्या दिवशी पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवले गेले. शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि आपला भोर. नसरापूरच्या दुकानात मी अर्धे शटर ओढून बसलो होतो. सुरतेहून साड्यांच्या नव्या मालाचे फोटो यायचे होते, ते पाहून ऑर्डर द्यायची होती. भाचा म्हणाला, "मामू, काळजी करू नका. माझ्या फोनमध्ये व्ही.पी.एन. आहे, बंदीतसुद्धा चालते." त्याने ते सुरू केले. चक्र फिरत राहिले, फोटो काही आले नाहीत. नेट परत आल्यावर मात्र त्याने तेच ॲप हौसेने माझ्याही फोनमध्ये टाकले आणि ते वर्षभर तिथे राहिले. त्याची किंमत मला पुढे कळली.

व्ही.पी.एन. म्हणजे काय, हे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एरवी आपण इंटरनेटवर जे मागवतो त्याची गाठ मोबाईल कंपनीच्या हातून जाते. गाठ सीलबंद असेल तर आतला माल तिला दिसत नाही, पण ती कोणाच्या पेढीवर चालली हे दिसते. व्ही.पी.एन. हा मधला आडत्या. आपली गाठ तो दुसऱ्या पोत्यात घालून स्वतःच्या गोदामात नेतो आणि तिथून आपल्या नावाने पुढे पाठवतो. मोबाईल कंपनीला फक्त आडत्याचे गोदाम दिसते आणि पुढच्या पेढीला फक्त आडत्याचे नाव. याचा दुसरा अर्थ असा की, जे पूर्वी मोबाईल कंपनीला दिसत होते ते आता या आडत्याला दिसते. गुपित नाहीसे होत नाही, ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

म्हणूनच नेट बंद असताना भाच्याचे ॲप निरुपयोगी ठरले. रस्ताच तोडलेला असेल तर आडत्याच्या गोदामापर्यंत गाडी जाणार कशी? एखादे ठरावीक संकेतस्थळ अडवलेले असते तेव्हाची गोष्ट वेगळी. मे २०२० मध्ये दूरसंचार खात्याने 'वीट्रान्सफर' हे मोठ्या फाईली पाठवण्याचे संकेतस्थळ बंद करण्याचा आदेश दिला. डिझाईनच्या जड फाईली त्यावरून पाठवणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ४३ ॲपवर बंदी आली, त्यांत 'अलीएक्सप्रेस' होते. अशी अडवणूक व्ही.पी.एन.ने ओलांडता येते, हे खरे आहे. पण माल मागवून त्याचे पक्के बिल आणि कस्टमचा कागद लागणाऱ्या माणसाने बंदी असलेल्या दुकानातून चोरवाटेने खरेदी करून काय मिळवायचे? माझ्या मते हा सौदा तोट्याचाच.

बातमी वाचण्याचा, मत मांडण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात म्हटले की, इंटरनेटवरून मत मांडणे आणि व्यापार करणे या दोन्हींना घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे, नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर केले पाहिजेत. व्यापारी माणसाने हा निकाल माहीत करून घ्यावा. देशभर व्ही.पी.एन.वर बंदी नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी ते वापरण्यावर बंदीचे हुकूम काढलेले आहेत. तिकडे मालासाठी जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

आता मूळ प्रश्न. गोदाम, माणसे, विजेचे बिल, हे सारे खर्च आडत्याला आहेत. मग तो आपल्याकडून एक पैसाही घेत नसेल तर कोणाचे खातो? २०१५ मध्ये उघड झाले की 'होला' नावाची फुकट सेवा आपल्या ग्राहकांचीच जोडणी दुसऱ्या गिऱ्हाइकांना विकत होती. म्हणजे आपल्या दुकानाच्या पत्त्यावरून तिसराच माणूस व्यवहार करणार. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले 'ओनाव्हो' लोक कोणते ॲप किती वापरतात हे मालकाला कळवत असे. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून काढावे लागले. जुलै २०२० मध्ये 'यूएफओ व्ही.पी.एन.' आणि त्याच्या जोडीच्या फुकट सेवांच्या नोंदी उघड्यावर सापडल्या, आणि यांची जाहिरात होती की आम्ही काहीच नोंद ठेवत नाही! २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी २८३ अँड्रॉईड ॲप तपासली. त्यांपैकी १८ टक्के ॲप गाठीला सीलच लावत नव्हती.

सगळे फुकट वाईट असेही नाही. स्वित्झर्लंडच्या 'प्रोटॉन'ची फुकट सेवा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर चालते. नमुन्याचा तुकडा फुकट, ताग्याला पैसे, हा आपल्याच बाजाराचा रिवाज. असा हिशेब उघड दिसला तर भरवसा ठेवायला जागा असते. मालक कोण, कोणत्या देशात, पैसा कुठून येतो, हे ज्याच्या संकेतस्थळावर सापडत नाही त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्या सरकारने २८ एप्रिल २०२२ रोजी नियम काढून व्ही.पी.एन. कंपन्यांना ग्राहकांचे नाव, पत्ता, फोन वगैरे नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. त्यानंतर कित्येक नामांकित कंपन्यांनी आपली यंत्रे भारतातून हलवली. प्रोटॉन त्यांतलीच एक.

माझ्या फोनचे काय झाले ते सांगायचे राहिले. दर महिन्याला नेट लवकर संपे, उधारीची वही उघडली तरी मध्येच जाहिरात येई आणि बँकेचे ॲप परदेशातला पत्ता पाहून दार उघडेना. ॲप काढले, हे त्रास थांबले. आपले व्हॉट्सॲपचे निरोप आणि बँकेचे व्यवहार तसेही सीलबंदच जातात, हे मला तेव्हा समजले. स्टेशनवरच्या किंवा लॉजच्या फुकट वायफायवर बसायची वेळ आली तर चांगल्या व्ही.पी.एन.चा थोडा उपयोग आहे. दुकानात बसून मला तरी त्याची गरज वाटत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये व्ही.पी.एन. असा एक रकाना असतो, तो उघडून पाहावा. भाच्याच्या फोनमध्ये तीन निघाले. दोन काढायला लावले. तिसरे चांगले आहे म्हणतो, पण त्याचा मालक कोण ते अजून त्याला सांगता आलेले नाही.