विषबाधा झाली तर आधी अंग धुवा



औषध पोटात गेले तरच बाधते, असा आपल्याकडे समज आहे. आपल्या किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारताना सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. त्यांच्या अंगात ते शिरले कातडीतून आणि श्वासातून.

हुमणीसाठी आपण उसाला वर्षानुवर्षे टाकलेले थिमेट, म्हणजे फोरेट, याच जातीचे, फॉस्फरसच्या गटातले. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. तरी एखाद्या कोठ्यात जुनी पिशवी निघतेच!

हे विष नसांच्या कामाला लागणारे कोलिनेस्टरेज बंद पाडते. मग लाळ गळते, घाम सुटतो, धाप लागते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. असे दिसले की १०८ ला फोन लावा. गाडी येईतो कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी. मीठपाणी पाजून ओकारी काढू नका, ते फुप्फुसात उतरते. बेशुद्ध असेल तर कुशीवर निजवा.

नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यात जाताना डब्यावरचे लेबल सोबत न्याच. या गटाला अ‍ॅट्रोपिन लागू पडते, सगळ्या विषांना नाही.