महाप्रस्थानातील श्वान आणि घरचा मोती

पाळलेले कुत्रे वारल्यावर काय करावे, हा प्रश्न आपल्या मंदिरात येणाऱ्या कुटुंबांकडून अलीकडे वारंवार विचारला जातो. ही कुत्री बहुधा विकत घेतलेली नसतात. कोणी पावसात भिजलेले पिल्लू उचलून आणतो, कोणी मोटारीखाली पाय सापडलेल्या जनावराचे औषधपाणी करून त्यास ठेवून घेतो. दहा-बारा वर्षांनी ते गेले म्हणजे घरची माणसे काहीशा संकोचाने विचारतात, याचे दिवस करावेत काय? आम्ही मनुष्यासाठी रडावे तसे रडलो, यात काही वावगे तर नाही ना?

विधीचे प्रथम सांगून टाकतो. श्राद्ध हे पितरांचे; ते नाव-गोत्राच्या उच्चाराने चालते, आणि कुत्र्यासाठी ते सांगितलेले नाही. ओढूनताणून करू नये. परंतु तर्पणाच्या शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्व भूतांस उदक दिले जाते. त्यातून मोती वगळलेला नाही.

शोकाचा प्रश्न याहून खोल आहे. त्यासाठी महाभारत उघडावे. आदिपर्वाच्या आरंभीच्या भागातच एक कुत्रे आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेच्या पिलाने हविर्द्रव्यास तोंड लावले नसताही राजाच्या भावांनी त्यास मारले, आणि सरमेने त्या कुळास शाप दिला. शेवटाकडे, महाप्रस्थानिक पर्वात, दुसरे कुत्रे येते. पाच पांडव आणि द्रौपदी हस्तिनापुराबाहेर पडतात, तेव्हा सातवा म्हणून तो मागे चालू लागतो. तो कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. युधिष्ठिराने त्यास पाळले नव्हते, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. तो आपण होऊन आला आणि टिकला, एवढेच त्याचे नाते.

वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडतात. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्यास रथात घेण्याचे नाकारतो. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयास आलेल्याचा त्याग मी करणार नाही. तेव्हा इंद्र वर्मी बोट ठेवतो : भावांना आणि पत्नीला वाटेत सोडलेस, मग या श्वानासाठी एवढा हट्ट का? युधिष्ठिराचे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे. ती मेली होती. त्यांना उठविणे माझ्या हाती नव्हते. मृतांशी ना सख्य करता येते, ना वैर. जिवंत असताना मात्र मी त्यांना टाकले नाही. या उत्तरावर श्वानाच्या ठायी धर्म प्रकट होतो, आणि द्वैतवनातील यक्षाच्या परीक्षेची आठवण देतो.

कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो स्वर्गाच्या रथामुळे. आम्हांस इंद्राचा प्रश्न अधिक जवळचा वाटतो. डॉक्टरांकडे दोन दिवस आधी नेले असते तर, ही टोचणी कुत्रे गेलेल्या घरांत सहसा असतेच. युधिष्ठिराचे उत्तर तिलाही लागू पडते. ज्याने रस्त्यावरचे जनावर घरात घेऊन त्याच्या म्हातारपणापर्यंत सांभाळले, त्याने त्यास टाकले नाही. त्याच्या डोळ्यांतील पाणी हे ऋण फिटल्यानंतरचे आहे, आणि त्याची लाज वाटू नये.

स्मारकाची हौस आपल्याकडे जुनीच आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात. रायगडावर वाघ्याचे शिल्प 1936 साली बसविले गेले. त्या कथेस समकालीन पुरावा नाही, म्हणून वाद चालतो; पण लोकांस ती पटली, ही गोष्ट काही खोटी नव्हे. गृहस्थास मात्र दगडाची गरज नाही. कुत्र्याची तसबीर देवघरात लावू नये असे आमचे मत आहे. ओसरीवर खुशाल लावावी, कारण त्याची जागा तीच होती. पुरताना खड्डा खोल असावा आणि विहिरीपासून दूर. पिसाळल्याचा संशय असेल तर हात न लावता नगरपालिकेस कळवावे.

वैश्वदेवानंतरच्या बलीत श्वानाचा वाटा आहे, आणि मनुस्मृती तो जमिनीवर हळूच ठेवावयास सांगते, फेकावयास नव्हे. घरचे कुत्रे गेल्यावर हा वाटा ज्यांच्याकडे बंद झाला असेल, त्यांनी तो दारावरच्या कुत्र्यासाठी पुन्हा सुरू करावा. मोत्याचीच थाळी घासून वापरली तरी चालेल.